वीतभर फीत

बुधवारी सकाळी साडेनऊला धाकटा भाऊ गणवेशात संकलनाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा कात्रीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा काही खाऊन आलेला दिसत नाही. सहा फुटांचा कॅप्टन, छातीवर दोन पदकं, आणि डोळे मात्र परीक्षेच्या दिवशी असायचे तसे.

"ताई, एक काम आहे. दोन-तीन तासांचं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

"बस आधी. चहा घेतलास?"

"नंतर. माझ्याबरोबर साहेब आहेत."

रेडिओ केंद्रात तिला सगळे कात्री म्हणत. खरं तर बावीस वर्षांत तिने कात्री कधी हातात धरली नव्हती. ती ब्लेड वापरायची. पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. टेपची तपकिरी फीत खाचेच्या पितळी पट्टीवर बसवायची, तिरका छेद घ्यायचा, दोन टोकं जुळवायची आणि वरून चिकटपट्टीचा तुकडा अंगठ्याच्या नखाने घासून बसवायचा. तिने जोडलेलं भाषण ऐकताना वक्ता कुठे खोकला, कुठे अडखळला, हे खुद्द वक्त्यालाही सांगता येत नसे. एका मंत्र्याने एकदा तिला गमतीने म्हटलं होतं, "बाई, तुमच्यामुळे मी हुशार झालो."

भावाच्या मागून आलेला मेजर शिडशिडीत होता, केस पिकायला लागलेले, सोनेरी काड्यांचा चष्मा. बोलणं इतकं हळू, की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्याने आधी खोलीचं दार लावलं आणि मग नमस्कार केला.

"राष्ट्राध्यक्षांचा घसा बसलाय," तो म्हणाला. "आज दुपारी एक छोटा संदेश त्यांच्या आवाजात जायला हवा. ते एकच्या विमानाने दौऱ्यावर निघतायत, ध्वनिमुद्रणाला वेळ नाही. त्यांचीच परवानगी आहे, की जुन्या भाषणांतून शब्द घेऊन संदेश तयार करावा. तुमच्या भावाने तुमचं नाव सुचवलं. म्हणाला, ताईच्या हाताला तोड नाही."

"परवानगीचा कागद?"

"कागद कशाला हवाय?" मेजर हसला. "मी आहे ना."

त्याने एक चिठ्ठी पुढे केली. तीनच वाक्यं टाइप केलेली होती. माझ्या प्रिय नागरिकांनो. गेले काही दिवस माझी प्रकृती बरी नाही. काही जवळच्या सहकाऱ्यांनी मला विश्रांतीचा सल्ला दिला आहे.

कात्रीने भावाकडे पाहिलं. घरात त्याला टिल्लू म्हणत. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ती वीस. त्याच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालण्यापासून सैनिकी शाळेच्या अर्जावर सही करण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. टिल्लू भिंतीवरचं टेपच्या डब्यांचं कपाट बघत होता.

तिने काम सुरू केलं. कुठला शब्द कुठल्या भाषणात आहे हे तिला डबे न उघडताही आठवायचं. 'प्रकृती' एका इस्पितळाच्या उद्घाटनातून आली, 'विश्रांती' कामगारांच्या सभेतून. एकेक तुकडा कापून ती तो फळीच्या कडेला ठोकलेल्या खिळ्याला लटकवत होती. अकरा वाजेपर्यंत तीन वाक्यं उभी राहिली. मेजरने हेडफोन लावून ती ऐकली. डोळे मिटून, मान जराशी कलती. कात्रीच्या लक्षात आलं, की या माणसाला कान आहे.

"अप्रतिम," तो म्हणाला आणि खिशातून दुसरी चिठ्ठी काढली.

मी खूप विचार केला. मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. हा निर्णय मी स्वतः घेतला आहे, कुणाच्या दबावाखाली नाही. सेनादलांतल्या प्रत्येकाने आपापल्या जागी उभे राहावे. या देशावर माझा विश्वास आहे.

कात्रीने चिठ्ठी दोनदा वाचली. हातातलं ब्लेड तिने खाली ठेवलं.

"हा शब्द सापडायला वेळ लागेल," ती म्हणाली. "राजीनामा. हे ते फारसं बोलत नाहीत."

"बोललेत. तीन वर्षांपूर्वी, संपाच्या वेळी, संसदेत." मेजरने तयारी करून ठेवली होती. "तो डबा तुमच्याच कपाटात आहे."

होता. ते भाषण सगळ्या देशाला पाठ होतं. मी माझ्या पदाचा राजीनामा देणार नाही. सभागृहात बाकं वाजली होती आणि ती बाकं वाजताना ध्वनिमुद्रणाच्या काट्याने लाल रेषा ओलांडली होती, हेसुद्धा तिला आठवत होतं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मेजरने तो घेतला, नुसतं "हं, हं" केलं आणि रिसीव्हर ठेवला. "मी खाली जाऊन येतो. दहा मिनिटं. कॅप्टन, तुम्ही इथेच थांबा." दार उघडलं तेव्हा कात्रीला व्हरांड्यात दोन शिपाई दिसले, खांद्याला बंदुका. बावीस वर्षांत त्या व्हरांड्यात तिने चहाचं भांडं घेऊन जाणाऱ्या माणसाखेरीज कुणाला उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

दार लागलं.

"टिल्लू, हे काय चाललंय?"

"ताई, आवाज कमी कर."

"मी ओरडत नाहीये. विचारतेय."

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "दोन वाजता ही टेप लागेल. त्यानंतर निवेदक सेना मंडळाचं पत्रक वाचेल. बस्स. राष्ट्राध्यक्षांच्या पहारेकऱ्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं की ते बंदुका खाली ठेवतील. एक गोळी सुटणार नाही. मी त्याचसाठी हो म्हटलं. दुसरा बेत होता तो ऐकला असतास ना, तर रणगाडे रस्त्यावर येणार होते. शेकडो माणसं मेली असती. मीच म्हटलं, माझी बहीण हे काम करू शकते, रक्त न सांडता होईल."

"म्हणजे मला यात तू ओढलंस."

"तुला काही कळणारच नव्हतं. दौऱ्याचा संदेश म्हणून..."

"मला? मला कळणार नव्हतं?"

त्याने खुर्चीची पाठ सोडली.

कात्रीला राष्ट्राध्यक्षांबद्दल फार प्रेम होतं असं नाही. त्यांची लांबलचक भाषणं कापून कापून तिची मान धरली होती. देशात बरंच काही बिघडलं होतं, तेही तिला माहीत होतं. पण गेला तासभर ती त्या माणसाच्या गळ्यातून शब्द काढत होती, आणि तिला त्यातली एक साधी गोष्ट उघड दिसत होती, जी तिच्या भावाला दिसलेली नव्हती.

"तीन वाजता विमान उतरेल," ती म्हणाली. "राष्ट्राध्यक्ष शिडीवरून खाली येतील. कुणीतरी त्यांना म्हणेल, साहेब, तुम्ही राजीनामा दिलात. ते काय म्हणतील?"

"त्यांना तिथल्या विश्रामगृहात ठेवतील. नजरकैदेत. मग परदेशी पाठवतील."

"आणि परदेशी गेल्यावर त्यांनी तोंड उघडलं तर? पहिल्याच वार्ताहराला सांगितलं, की मी हे बोललोच नाही?"

टिल्लूने दाराकडे पाहिलं.

"ही टेप एकदा लागली ना, की तो माणूस पुन्हा बोलता कामा नये. एक शब्दसुद्धा नाही. रणगाड्यांचा बेत असता तर कदाचित त्यांना जिवंत धरलं असतं. या टेपनंतर ते जिवंत राहूच शकत नाहीत. तुला हे कुणी सांगितलं नाही?"

"मेजरांनी मला शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो असा कधी उतरतो ते तिला ठाऊक होतं. लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर नव्हे, तर आपल्याशीच कुणीतरी खोटं बोललंय हे कळल्यावर.

"मी त्यांना विचारतो," तो म्हणाला.

"विचारू नकोस. विचारलंस तर तुलाही त्या विमानतळावर पाठवतील."

जिन्यावर बुटांचा आवाज आला. कात्रीने ब्लेड उचललं आणि संपाच्या भाषणाची फीत पट्टीवर ताणली.

पुढचे दोन तास ती काम करत राहिली, आणि इतकं मन लावून तिने आयुष्यात काम केलं नव्हतं. 'मी माझ्या पदाचा राजीनामा' इथपर्यंतचा तुकडा संपाच्या भाषणातून घेतला. 'देत आहे' एका शाळेच्या समारंभातून काढलं, तिथे ते मुलांना नव्या इमारतीचा शब्द देत होते. उरलेला वीतभर तुकडा, ज्यावर 'देणार नाही' होतं, तो तिने इतर तुकड्यांबरोबर खिळ्याला अडकवला. मेजर तिच्या डाव्या खांद्यामागे बसून होता. त्याला शब्दांचे सांधे ऐकू येत होते, पण नुसती फीत पाहून तिच्यावर कुठला शब्द आहे ते त्याला कळत नव्हतं. सगळे तुकडे तपकिरी, सगळे वीतभर, सगळे सारखे.

हे तिच्या ध्यानात आलं. ती मनातल्या मनात पूर्ण संदेश म्हणून पाहू लागली. प्रकृती बरी नाही. सहकाऱ्यांनी विश्रांतीचा सल्ला दिला. मी खूप विचार केला. मी राजीनामा देणार नाही. हा निर्णय मी स्वतः घेतला आहे, कुणाच्या दबावाखाली नाही. सेनादलांतल्या प्रत्येकाने आपापल्या जागी उभे राहावे. बाकी एकही अक्षर बदलायला नको होतं.

पण तयार टेप मेजर ऐकणार होता. ती ऐकून झाल्यावर तिला पुन्हा हात लावायला काहीतरी कारण हवं होतं, आणि ते कारण तिने नव्हे, मेजरने काढायला हवं होतं.

म्हणून 'राजीनामा' आणि 'देत आहे' यांच्यामध्ये तिने एक श्वास राहू दिला. शाळेच्या सभागृहातला, जरा मोठा, जरा ओलसर श्वास. एरवी असा श्वास सुटला असता तर तिने स्वतःलाच शिव्या घातल्या असत्या.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी तिने रीळ यंत्रावर चढवलं. मेजरने हेडफोन लावले. डोळे मिटले. पूर्ण संदेश ऐकला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"छान झालंय," तो म्हणाला.

कात्रीने रिळाकडे हात नेला, ते गुंडाळायचं असल्यासारखा, आणि जमेल तितका वेळ लावला. आपणच बोलावं का? म्हणावं का, की एक श्वास राहिलाय? पण मग तो विचारेल, की मघाशीच का नाही काढला. व्हरांड्यात कुणीतरी घसा खाकरला. घड्याळात एक चाळीस झाले होते.

"थांबा," मेजर म्हणाला. "पुन्हा लावा."

दुसऱ्यांदा ऐकताना त्याच्या कपाळावर आठी उमटली. त्याने बोट वर केलं. "इथे. राजीनाम्यानंतर. हा श्वास त्याच खोलीतला नाही."

"बारीक आहे," कात्री म्हणाली. "रेडिओवर कळणार नाही."

"मला कळला. काढा."

"नुसता काढला तर शब्द अंगावर येईल." तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. "माझ्याकडे 'देत आहे'चा दुसरा तुकडा आहे. त्यात श्वास नाही. तो लावते. पाच मिनिटं लागतील."

मेजरने घड्याळ पाहिलं. "लावा."

तिने छेद घेतला. श्वास आणि 'देत आहे' कापून केराच्या टोपलीत टाकलं. मग फळीकडे वळून खिळ्यावरचा तो तुकडा उचलला.

प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर ती पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करत असे. होकाराला आडवी रेघ, प्रश्नाला टिंब, नकाराला फुली. ही खूण केंद्रात दुसऱ्या कुणाला कळत नव्हती. पण आई गेल्यानंतरची दोन वर्षं टिल्लू शाळेतून थेट या खोलीत यायचा, टेबलाखाली बसून गृहपाठ करायचा आणि कंटाळला की जमिनीवर पडलेले तुकडे खुणांप्रमाणे लावत बसायचा. ती तुकडा घेऊन वळली तेव्हा तो तिच्या समोर उभा होता, दोन हातांवर. त्याची नजर फितीवरच्या पिवळ्या फुलीवर होती.

त्याने नजर वर केली. त्याचे ओठ जरासे उघडले.

कात्री जागच्या जागी थांबली. ते फार तर दोन-तीन सेकंद असतील. मेजर तिच्या हातांकडे बघत होता.

"सर," टिल्लू म्हणाला, "एक बावन्न झाले. खालच्या मजल्यावर न्यायलाच पाच मिनिटं लागतील."

"आवरा," मेजर तिला म्हणाला.

तिने तुकडा पट्टीवर बसवला, दोन्ही टोकं जुळवली, चिकटपट्टी घासली. रीळ डब्यात घातलं. मेजरचा हात डब्याकडे गेला. "एकदा ऐकू या का?" तो म्हणाला, अर्धवट स्वतःशीच.

"ऐका," कात्री म्हणाली. "पण मग दोनला लागणार नाही."

त्याने डबा टिल्लूच्या हातात दिला.

टिल्लू गेला. खोलीत ती आणि मेजर उरले. मेजरने भिंतीवरच्या स्पीकरचा आवाज वाढवला आणि तिला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. दोनचे ठोके पडले. ओळखीच्या निवेदकाने, तीस वर्षं बातम्या वाचणाऱ्या म्हाताऱ्याने, सांगितलं, की आता राष्ट्राध्यक्षांचा संदेश ऐकू या. मग तो जाडाभरडा, जरा घोगरा आवाज आला. प्रिय नागरिकांनो. प्रकृती. विश्रांती. मेजरची बोटं टेबलावर हलकेच ताल धरत होती.

"मी खूप विचार केला. मी माझ्या पदाचा राजीनामा देणार नाही."

बोटं थांबली.

"हा निर्णय मी स्वतः घेतला आहे, कुणाच्या दबावाखाली नाही."

मेजरने फोनचा रिसीव्हर उचलला. नियंत्रण कक्षाचा आकडा फिरवण्यासाठी बोट घातलं आणि तसाच थांबला. राष्ट्राध्यक्षांचा आवाज मध्येच तोडला तर सगळ्या देशाला काय ते कळलं असतं. कात्रीला त्याच्या चेहऱ्यावर हे गणित मांडलं जाताना दिसत होतं. सेनादलांतल्या प्रत्येकाने आपापल्या जागी उभे राहावे. या देशावर माझा विश्वास आहे. संदेश संपला. पुढचं पत्रक वाचायची पाळी निवेदकाची होती. स्पीकरमधून कागद सरकल्याचा आवाज आला. मग म्हातारा शांतपणे म्हणाला, "आपण राष्ट्राध्यक्षांचा संदेश ऐकलात," आणि त्याने सतारीची तबकडी लावली.

मेजरने पिस्तूल काढलं तेव्हाच दार उघडून टिल्लू आत आला. तो धावत आला होता. त्याने एकदा मेजरकडे पाहिलं आणि सरळ येऊन बहिणीच्या खुर्चीपुढे उभा राहिला. कात्रीला त्याच्या पाठीखेरीज काही दिसेना. गणवेशाच्या मधल्या शिवणीवर घामाचा पट्टा उमटला होता.

"बाजूला हो," मेजर म्हणाला. आवाज तसाच, हळू.

"नाही सर."

"तुला माहीत होतं?"

"हो सर."

व्हरांड्यातला एक शिपाई दारात आला. त्याच्या कमरेला छोटा ट्रान्झिस्टर लटकत होता, त्यातून तीच सतार वाजत होती. तो गोंधळलेला दिसत होता. "साहेब, खाली सगळे विचारतायत. आम्हाला सांगितलं होतं, राष्ट्राध्यक्षांनी पद सोडलंय. आता ते म्हणतायत, सोडत नाही. आम्ही कुठे उभं राहायचं?"

मेजरने चष्मा काढला, पिस्तूल टेपच्या डब्यांवर ठेवलं आणि तो खुर्चीत बसला. "फार सफाईदार जोड होता," तो कात्रीला म्हणाला. "ऐकू आलाच नाही."

"ऐकू येणार कसा?" ती म्हणाली. "ते वाक्य त्यांचंच आहे."

संध्याकाळपर्यंत सगळं कोसळलं. वैमानिकाने संदेश विमानातच सगळ्यांना ऐकवला होता. विमानात बसून आपणच न बोललेलं भाषण ऐकण्याचा प्रसंग राष्ट्राध्यक्षांवर पूर्वी कधी आला नसावा, पण त्यांना अर्थ समजायला वेळ लागला नाही. विमान भलत्याच गावी उतरलं. ठरलेल्या विमानतळावर मागाहून एक रुग्णवाहिका सापडली, आणि तिच्यात एका लष्करी डॉक्टरच्या पेटीत राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूचा दाखला. कारण हृदयविकार. तारीख त्याच दिवसाची, वेळ सव्वातीन. खटल्यात तो कागद दाखवला गेला तेव्हा आरोपींच्या बाकावर बसलेला टिल्लू खाली मान घालून होता. कात्रीने साक्ष दिली. वकिलाने विचारलं, भावाने कटात भाग घेतला होता का, तेव्हा ती हो म्हणाली. ऐन वेळी त्याने काय केलं, हेही तिने सांगितलं. मेजरला जन्मठेप झाली, टिल्लूला नऊ वर्षं.

तिला राष्ट्राध्यक्षांकडून बोलावणं आलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला, आभार मानले, आणि काय हवं ते मागा म्हणाले. तिने भावाची सुटका मागितली. त्यांनी हात सोडला आणि कायद्याबद्दल बराच वेळ बोलले. कात्री ऐकत राहिली. यातली निम्मी वाक्यं कापता येतील, असं तिला सवयीने वाटून गेलं.

तुरुंगात महिन्यातून एकदा भेट मिळे, वीस मिनिटं, मध्ये जाळी. पहिल्या दोन भेटींत दोघं हवापाण्याचं बोलले. तिसऱ्या वेळी टिल्लू म्हणाला, "ताई, सगळे म्हणतात, मी शेवटी शहाणा झालो. तूही कोर्टात तेच सांगितलंस."

"मग?"

"तसं नव्हतं." तो जाळीतून तिच्याकडे न बघता बोलत होता. "फुली बघितली आणि मी तोंड उघडलं होतं. 'सर, हा तुकडा चुकीचा आहे.' वाक्य जिभेवर होतं. तू म्हणालीस ते मला पटलं होतं, तरी. इतक्या महिन्यांचं काम, माझी माणसं, शपथ घेतलेली. पण मेजरांचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता. आणि मला दिसलं, की मी बोललो तर ते आधी तुला मारतील. तेवढंच, ताई. देश वगैरे माझ्या डोक्यात काही नव्हतं."

कात्रीने यावर विचार केला. कोर्टात आपण जे सांगितलं ते खोटं ठरत होतं का, हे तिला ठरवता येईना.

"हे तू दुसऱ्या कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. त्या दिवशी मला यात ओढलंस, त्याचा आला. तो काही इतक्यात जाणार नाही." तिने जाळीला बोटं लावली. "बाकीचं मला चालतंय."

पलीकडच्या टेबलावर कुणाची तरी बायको रडत होती. शिपायाने घड्याळ पाहून पाच मिनिटं उरल्याचं सांगितलं. टिल्लूने नाक पुसलं आणि विचारलं, की पुढच्या वेळी लोकरीचे मोजे आणता येतील का, इथली फरशी फार गार असते.

"किती जोड?"

"दोन. एक शेजारच्या कोठडीतल्यासाठी."

"त्याच्या पायाचं माप?"

टिल्लूने दोन्ही हात वर करून जाळीपाशी धरले आणि माप दाखवलं, आणि ती ते नीट बघून घेऊ लागली.